चार संगणक, एक नॅस आणि पुसण्याचा अधिकार: घरगुती बॅकअपचा एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे एका चौघांच्या घरातलं प्रकरण आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, तांत्रिक घडामोडी तशाच ठेवल्या आहेत.

घरात चार संगणक होते. वडील व्हिडिओ संपादन करतात, त्यांच्या विंडोज डेस्कटॉपवर १.४ टीबी भरलेलं. आई घरूनच हिशेबाची कामं करते. तिच्या विंडोज लॅपटॉपवर १८० जीबी, आणि त्यात इतरांची आर्थिक कागदपत्रं. मुलगी वास्तुकला शिकते, तिचं ५१२ जीबीचं मॅकबुक जवळजवळ भरत आलेलं. चौथा आजोबांचा जुना पीसी. त्यावर फक्त ९० जीबी, पण त्यांनी वर्षानुवर्षं बसून स्कॅन केलेली पत्रं आणि घरातले जुने फोटो त्यात होते. चारही यंत्रांत हाच डेटा आकाराने सर्वांत लहान, आणि पुन्हा तयार करणं सर्वांत अवघड.

या सगळ्यासाठी वडिलांनी दोन डिस्कचा एक नॅस घेतला, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेली, सर्वांना वापरता येणारी साठवणीची पेटी. प्रत्येकी ४ टीबीच्या दोन डिस्क रेड १ मध्ये, म्हणजे एकीवर जे लिहिलं जाईल तेच दुसरीवरही. त्यावर ‘बॅकअप’ नावाचं एक सामायिक फोल्डर केलं, सर्वांसाठी एकच युजरनेम आणि पासवर्ड ठेवला, आणि प्रत्येक संगणकावर ते फोल्डर कायमचं जोडून दिलं. विंडोजवर ते झेड ड्राइव्ह म्हणून दिसायचं. ज्याने त्याने आपल्या महत्त्वाच्या फाइली तिकडे ओढून टाकायच्या, अशी पद्धत पडली. दोन डिस्क आहेत म्हणजे दोन प्रती आहेत, असं घरात सगळे धरून चालले होते.

काय घडलं

डेस्कटॉपवर जागा कमी पडायला लागली तशी वडिलांनी जुन्या कामांचं फूटेज झेड ड्राइव्हवर हलवलं. कॉपी केलं नाही, कट करून पेस्ट केलं. त्या क्षणापासून त्या फूटेजसाठी नॅस हा बॅकअप राहिला नाही. तीच मूळ जागा झाली. फोल्डरचं नाव मात्र ‘बॅकअप’च राहिलं.

काही आठवड्यांनी मुलीला तिच्या प्रकल्पाच्या फाइली ठेवायला जागा हवी होती. तिला एक मोठं फोल्डर दिसलं, नाव ‘जुने – कॉपी’. बॅकअपमधली कॉपी, म्हणजे मूळ डेस्कटॉपवर असणारच, असा तिने अंदाज केला. तिच्यासमोर जे होतं त्यावरून तो अगदी रास्त होता. तिने फोल्डर डिलीट केलं. नेटवर्कवरची फाइल पुसली की ती आपल्या संगणकाच्या रीसायकल बिनमध्ये जात नाही. नॅसचा स्वतःचा रीसायकल बिन असतो, पण तो चालू केलेला नव्हता. रेडने आपलं काम चोख केलं आणि दोन्ही डिस्कवरून तो डेटा एकाच वेळी गेला.

लक्षात आलं तोवर त्याच जागेवर बरंच नवं काही लिहिलं गेलं होतं. पुसलेल्या फाइली शोधणाऱ्या सॉफ्टवेअरने थोडे तुकडे काढून दिले, पूर्ण व्हिडिओ फार थोडे निघाले. तयार झालेली कामं ग्राहकांकडून परत मिळाली. कच्चं फूटेज गेलं ते गेलंच.

मला विचारलं गेलं ते यानंतर. वडिलांचा पहिला प्रश्न होता, “यापेक्षा मोठा नॅस घ्यायचा का?” मुलीचा प्रश्न वेगळा होता: “माझ्या लॅपटॉपवरून बाबांच्या फाइली पुसता येतात, हे असं असायला हवं का?” पुढचं सगळं काम या दुसऱ्या प्रश्नाभोवती फिरलं.

पाहणीत काय सापडलं

काही बदलण्याआधी आम्ही एक साधी यादी केली: कोणता डेटा, कुठे, किती प्रतींत. बॅकअप म्हणून ज्याकडे पाहिलं जात होतं त्यातला साधारण ६०० जीबी डेटा नॅसशिवाय कुठेच नव्हता. आजोबांचे स्कॅन उलट फक्त त्यांच्या पीसीवर होते, कारण ‘ओढून टाकण्याची’ पद्धत त्यांना कुणी दाखवलीच नव्हती. मुलीच्या मॅकमध्ये फोटोंसाठी ‘जागा वाचवा’ हा पर्याय चालू होता. म्हणजे मूळ फोटो क्लाउडमध्ये आणि लॅपटॉपवर लहान आवृत्त्या. अशा मशीनचा बॅकअप घेतला तर त्यात लहान आवृत्त्याच येतात, आणि ते फोटो परत काढायची वेळ येईपर्यंत लक्षात येत नाही.

नॅसच्या सेटिंगमध्ये एसएमबीची, म्हणजे नेटवर्कवरून फाइली वाटण्याच्या पद्धतीची, पहिली आवृत्ती चालू होती. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, जगभर पसरलं ते विंडोजमधल्या याच आवृत्तीच्या त्रुटीतून. घरातल्या एकाही संगणकाला तिची गरज नव्हती. आजोबांच्या विंडोज ७ लाही नाही, तीसुद्धा एसएमबी २.१ बोलते. एक जुना स्कॅनर थेट फोल्डरमध्ये फाइल टाकायचा, त्याला पहिलीच आवृत्ती यायची, म्हणून कुणीतरी ती उघडी ठेवली होती. आम्ही ती बंद केली. स्कॅनर आता पेन ड्राइव्हवर स्कॅन करतो.

पासवर्ड सर्वांना एकच होता आणि प्रत्येक संगणकात जतन केलेला होता. घरातल्या कुठल्याही एका मशीनमध्ये रॅन्समवेअर शिरलं असतं, तर जोडलेल्या झेड ड्राइव्हवरचं सगळं त्याच झटक्यात कुलूपबंद झालं असतं. मुलीने अनवधानाने जे केलं ते करायची क्षमता चारही मशीनमध्ये सारखीच होती.

पर्याय

प्रत्येकाला एक यूएसबी डिस्क देणं सर्वांत सोपं होतं. पण ती लावायची आठवण माणसाला ठेवावी लागते. आई आणि मुलगी दोघींनीही प्रामाणिकपणे सांगितलं की त्या लावणार नाहीत. हा पर्याय तिथेच सुटला.

सगळं क्लाउडवर टाकणं दुसरा पर्याय. आईच्या आणि आजोबांच्या डेटासाठी तो चालला असता. वडिलांच्या दीड टीबी फूटेजसाठी घरच्या इंटरनेटचा अपलोडचा वेग पुरेसा नव्हता. शिवाय त्यांच्या मनात सिंक आणि बॅकअप यांची सरमिसळ होती. सिंक केलेल्या फोल्डरमधून फाइल पुसली की ती सगळीकडून पुसली जाते. काही सेवा ती थोडे दिवस परत मिळवू देतात, पण त्या मुदतीवर सगळा डोलारा उभा करता येत नाही.

तिसरा पर्याय म्हणजे प्रत्येक मशीनची स्वतःची सोय वापरायची, विंडोजची फाइल हिस्टरी आणि मॅकची टाइम मशीन, आणि दोन्ही नॅसवर वळवायच्या. जुन्या आवृत्त्या मिळतात, खर्च नाही. अडचण अशी की या पद्धतीत लिहिणारं मशीन नॅसवर स्वतःच्या हाताने लिहितं, म्हणजे पुसूही शकतं.

चौथ्या पर्यायात सूत्रं नॅसकडे जातात. संगणकावर एक छोटा प्रोग्राम (क्लायंट) बसतो, बॅकअप कधी घ्यायचा, किती ठेवायचा, कुठला काढून टाकायचा हे नॅसवरचा सर्व्हर ठरवतो. बॅकअप जिथे साठतो ते फोल्डर संगणकाला दिसतच नाही. अर्बॅकअप हे मुक्त सॉफ्टवेअर असं काम करतं, आणि ते नॅसवर कंटेनरमध्ये, म्हणजे बाकी सिस्टिमपासून वेगळ्या ठेवलेल्या कप्प्यात, चालवता येतं.

निर्णय: लिहिणं वेगळं, पुसणं वेगळं

एकच साधन चारही मशीनवर लादायचा मोह होतो, देखरेख सोपी पडते. आम्ही तो टाळला. नियम मात्र एकच ठेवला: ज्या मशीनचा बॅकअप घ्यायचा, त्या मशीनवर बसून तो बॅकअप पुसता येऊ नये. तो नियम प्रत्येक ठिकाणी ज्या साधनाने पाळता येईल ते साधन घेतलं.

वडिलांच्या आणि आईच्या विंडोज मशीनवर अर्बॅकअप. सिस्टिम असलेल्या भागाची पूर्ण इमेज, म्हणजे जशीच्या तशी प्रत, आणि बाकीच्या फाइलींचा वेगळा बॅकअप. ही इमेज चालू विंडोजमधून घेतली जात असल्याने बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या एन्क्रिप्शनने, कुलूपबंद केलेला भागही तिच्यात उघड्या रूपात येतो. आईकडची कागदपत्रं पाहता नॅसवरचं ते फोल्डर एन्क्रिप्ट करणं भागच होतं.

आजोबांच्या पीसीवर विंडोज ७ होती. तिचा सपोर्ट जानेवारी २०२० मध्येच संपला आहे. तिथे लिनक्स टाकलं आणि बॅकअपसाठी रेस्टिक हे सॉफ्टवेअर घेतलं. नॅसवर बॅकअप स्वीकारणाऱ्या रेस्टिकच्या रेस्ट सर्व्हरला ‘फक्त भर घाला’ असा मोड आहे. पीसी नवा स्नॅपशॉट, म्हणजे त्या वेळच्या स्थितीची प्रत, जोडू शकतो, जुना काढू शकत नाही. जुने काढायचं काम नॅसवरूनच, वेगळ्या खात्याने होतं. आजोबांना यातलं काहीच करावं लागत नाही, आणि सर्वांत मोलाच्या डेटाला सर्वांत कडक बंदोबस्त मिळाला.

अडलं ते मॅकशी. टाइम मशीनला नॅसवर लिहिण्याचा अधिकार लागतोच. तिचा बॅकअप नेटवर्कवर एका मोठ्या डिस्क इमेजमध्ये साठतो, आणि वायफाय मध्येच तुटलं तर कधीकधी ती ‘नवा बॅकअप सुरू करावा लागेल’ म्हणून हात वर करते. म्हणजे नियम इथे थेट पाळता येत नव्हता. म्हणून खालून आधार दिला. नॅसच्या बीटीआरएफएस फाइल सिस्टिममध्ये त्या फोल्डरचा रोज एक फक्त-वाचनीय स्नॅपशॉट, पहाटे, लॅपटॉप सहसा मिटलेला असतो तेव्हा. मॅकने बॅकअप बिघडवला किंवा पुसला तरी कालची स्थिती तिथे असते, आणि मॅकच्या खात्याला स्नॅपशॉटला हात लावता येत नाही. टाइम मशीन मिळेल तेवढी जागा वापरते, म्हणून त्या खात्याला १ टीबीची मर्यादा घातली. मॅकच्या साठवणीच्या दुप्पट, असा तो हिशेब.

वडिलांच्या ६०० जीबीसाठी ‘संग्रह’ नावाचं स्वतंत्र फोल्डर केलं. इतरांना ते फक्त वाचता येतं. फोल्डरचं नाव बदलणं ही क्षुल्लक गोष्ट वाटेल, पण मूळ अपघाताचं अर्धं कारण ‘बॅकअप’ हे नावच होतं. झेड ड्राइव्ह सर्व मशीनवरून काढून टाकला. नॅसचं व्यवस्थापक खातं वेगळं, त्याला दोन टप्प्यांचं लॉगिन, आणि राउटरवरून नॅसकडे बाहेरून येणारी वाट बंद.

जागेचा हिशेब आणि एक केबल

४ टीबीची डिस्क विंडोजमध्ये सुमारे ३.६ टीबी दिसते. जागा तेवढीच, मोजण्याचं एकक वेगळं. संग्रह, बाकीची तीन मशीन आणि मॅकची मर्यादा मिळून बेरीज जवळपास ३.३ टीबीवर जात होती. म्हणजे जुन्या आवृत्त्या आणि स्नॅपशॉटना फारच थोडी जागा उरत होती. डेस्कटॉपवरचं ३०० जीबी हे संपादनाच्या सॉफ्टवेअरचं कॅश आणि प्रीव्ह्यू निघालं, जे प्रकल्प उघडला की पुन्हा तयार होतं. ते बॅकअपमधून वगळलं. विंडोज किंवा वापरातले प्रोग्राम यांच्या बाबतीत इतकं मोकळेपणाने वगळणं मी टाळतो. वगळण्याची यादी लांबली की तिच्यात एखादं नको ते फोल्डर शिरतंच.

पहिल्याच पूर्ण बॅकअपला डेस्कटॉपचा वेग सेकंदाला ११ एमबीच्या वर जाईना. या आकड्यावरून रोग ओळखता येतो. गिगाबिट जोडणीवर सेकंदाला ११० एमबीच्या आसपास मिळायला हवेत, ११ म्हणजे जोडणी शंभर मेगाबिटवर उतरली आहे. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंकचा वेग १०० दिसतच होता. डेस्कटॉपमागची केबल कपाटाआडून गेली होती. तिचं पारदर्शक टोक उजेडात धरलं तर आत आठाऐवजी चारच तारा होत्या. शंभर मेगाबिटला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. केबल बदलली. दीड दिवसाचं काम एका दुपारी उरकलं. नॅस मंद आहे म्हणून बदलायचं घरात आधीच ठरत आलं होतं.

गप्प राहणारा बॅकअप

सुरुवातीला आम्ही ‘बॅकअप फसला तर ईमेल’ अशी सूचना लावली होती. थोड्याच दिवसांत राउटर रीस्टार्ट झाला, नॅसला नवा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा क्रमांक) मिळाला, आजोबांच्या पीसीला तो सापडेना आणि त्याचा बॅकअप थांबला. ईमेल आलं नाही. रेस्टिक चालवणारी स्क्रिप्ट पीसीवर होती आणि ईमेल पाठवायचं काम नॅसकडे. नॅसच्या दृष्टीने काही फसलंच नव्हतं, कुणी आलंच नव्हतं.

दोन गोष्टी केल्या. राउटरमध्ये नॅसचा पत्ता राखीव केला, आणि सूचनेचा प्रश्नच उलटा केला. ‘काही फसलं का’ याऐवजी ‘शेवटचा यशस्वी बॅकअप किती जुना आहे’ हे नॅस रोज तपासतो. डेस्कटॉपसाठी दोन दिवस, लॅपटॉप आणि आजोबांच्या पीसीसाठी पाच दिवस उलटले की ज्याचं मशीन त्याला ईमेल जातो. फक्त वडिलांना नाही, ज्याचं त्याला. घरातल्या बॅकअपची सगळी काळजी एकाच माणसाच्या डोक्यात असली की तो माणूस कामात बुडाला की सगळंच थांबतं. या एका बदलाचं मोल मला या प्रकरणातल्या कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा जास्त वाटतं.

घराबाहेरची प्रत

नॅस आणि चारही संगणक एकाच छताखाली होते. चोरी, आग, विजेचा मोठा झटका यांतलं काहीही झालं तरी सगळं एकत्र जाणार. छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी रूढ केलेला ३-२-१ नियम इथे उपयोगी पडतो: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. दोन एन्क्रिप्ट केलेल्या यूएसबी डिस्क घेतल्या. एक नॅसला लागते, प्रत घेऊन झाली की काढली जाते. दुसरी एका नातेवाइकांकडे असते, आणि महिन्याला अदलाबदल होते. आजोबांचे स्कॅन आणि आईचे हिशेब मिळून लहान असल्याने ते एन्क्रिप्ट करून क्लाउडवरही जातात.

एन्क्रिप्शनची परवलीची वाक्यं कुठे ठेवायची यावर बरीच चर्चा झाली. ती एखाद्या लॅपटॉपवरच असतील तर तोच लॅपटॉप गेल्यावर बॅकअपही उघडता येणार नाही. शेवटी ती कागदावर लिहून दोन बंद पाकिटांत ठेवली, एक घरात आणि एक बाहेर, डिस्कपासून वेगळ्या जागी.

परत मिळवून पाहणं

बॅकअप लागल्यावर आम्ही प्रत्येकाला एकच काम दिलं: स्वतःची एक फाइल, गेल्या आठवड्यातल्या स्थितीतली, स्वतः परत काढून दाखवा. मुलीला ते लगेच जमलं, पण फोटो लहान आकाराचे निघाले. पाहणीत दिसलेली ‘जागा वाचवा’ची अडचण आता तिला स्वतःला दिसली. मूळ फोटो तिने बाहेरच्या डिस्कवर उतरवले आणि ती डिस्क टाइम मशीनमध्ये समाविष्ट केली.

आईच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची डेटा फाइल दिवसभर उघडी असते. विंडोज बॅकअपच्या वेळी डिस्कची त्या क्षणाची स्थिती धरून ठेवते (शॅडो कॉपी), त्यामुळे उघडी फाइलही बॅकअपमध्ये येते, पण ती मध्येच लाइट गेल्यावर असते तशा स्थितीत, बहुतेक वेळा चांगली, क्वचित अर्धवट. म्हणून सॉफ्टवेअरची स्वतःची रात्रीची निर्यात चालू केली. अर्बॅकअप ती बंद, पूर्ण फाइल उचलतं.

परिणाम

काही महिन्यांनी, कामाच्या ऐन गर्दीत, आईच्या लॅपटॉपची एसएसडी एकाएकी बंद पडली. नवी एसएसडी बसवली, रिस्टोअरचा पेन ड्राइव्ह लावून लॅपटॉप चालू केला, यूएसबीच्या अडॅप्टरने तारेची जोडणी दिली आणि इमेज परत उतरवली. संध्याकाळी तिचा डेस्कटॉप, प्रिंटर, सगळं होतं तसं समोर आलं. दुपारच्या बॅकअपनंतर केलेलं काम तेवढं पुन्हा करावं लागलं. परत आलेली डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसते हे चटकन लक्षात येत नाही. बिटलॉकर नव्याने चालू करावा लागला.

वेगळं काय करता आलं असतं

डेटाची यादी नॅस घेण्याआधी झाली असती, तर ६०० जीबी डेटा कुठल्या बाजूला आहे हा गोंधळ उद्भवलाच नसता. दुसऱ्या डिस्कवरचा खर्च रेडऐवजी घराबाहेरच्या प्रतीवर आधी झाला असता, तरी चाललं असतं. रेडमुळे एक डिस्क मेल्यावर काम थांबत नाही. या घराला त्या सोयीची गरज नंतर होती, आधी सुटी प्रत हवी होती.

नॅसचा रीसायकल बिन आणि स्नॅपशॉट पहिल्या दिवशी चालू केले असते, तर इतर सगळी रचना चुकीची असूनही ते फूटेज वाचलं असतं. दोन्ही सेटिंग नॅसमध्ये आधीपासून होती. यूपीएसही आम्ही उशिरा लावला, तो नॅससोबतच यायला हवा होता.

मॅकबद्दल माझं मन अजून पूर्ण ठरलेलं नाही. टाइम मशीन मुलीला सहज वापरता येते, म्हणून ती ठेवली. बॅकअप पुन्हा पुन्हा नव्याने सुरू करावा लागला, तर तिथेही रेस्टिक घ्यावं लागेल, आणि मग फाइल परत काढणं तिला तितकं सोपं राहणार नाही.

बाकी राहिलेलं

चौघांचे फोन या रचनेत नाहीत. वडिलांचं नवं फूटेज वाढतंय, त्यामुळे ४ टीबीच्या डिस्क बदलण्याचा विषय लवकरच येईल. रेड १ मध्ये एकेक डिस्क बदलून मोठी करता येते. पण दुसरी डिस्क नव्याने भरत असताना एकच प्रत जिवंत असते, म्हणून ते काम घराबाहेरची डिस्क ताजी झाल्यावरच करायचं, असं ठरलं आहे.